तेरा नॉट, तेरा मीटर

आटपाडीच्या पुढं ज्या वस्तीवर नाथाजी वाढला, तिथं घराआड एक फौजी होता. कुणी पायदळात, कुणी तोफखान्यात, कुणी लेहला बर्फात तर कुणी राजस्थानात वाळूत. नौदलात गेलेला मात्र नाथाजी एकटाच. त्याचंही तसं ठरलेलं काही नव्हतं. जोडीदाराच्या नादानं त्यानं नौदलाची परीक्षा दिली. जोडीदार राहिला आणि हा पास झाला. वस्तीच्या ओढ्याला वर्षातून चार दिवस पाणी असायचं. त्या ओढ्याकाठचा गडी समुद्रावर नोकरीला निघाला, तेव्हा लोकांनी त्याला हसून हसून वाटंला लावला. "नाथ्या, पोहाय येतंय का रं तुला?" असं जो तो विचारत होता. त्याला येत नव्हतं. तिथंच जाऊन शिकला.

पहिली दोन वर्षं त्यानं समुद्रात अन्नापेक्षा उलटीच जास्त केली. मग हळूहळू पोट बसलं, पाय बसले, आणि त्याला जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात त्या वरच्या काचेच्या खोलीत, ड्यूटी मिळाली. तिथं त्याचं एक काम वाऱ्याचं होतं. वारा कुठून येतोय, किती येतोय, हे बघायचं आणि मोठ्यानं सांगायचं. यंत्र होतंच, पण त्याचा वरिष्ठ, एक म्हातारा मल्याळी, यंत्राकडं बघू द्यायचा नाही. आधी समुद्राकडं बघ म्हणायचा. लाटांच्या माथ्यावर पांढऱ्या फेसाचे ठिपके तुरळक दिसले की दहा नॉट. जागोजागी दिसले की पंधरा. आणि फेसाच्या रेघा ओढल्यासारख्या वाऱ्याबरोबर पळायला लागल्या की तीस. आधी आकडा बोलायचा, मग यंत्र बघायचं. वर्षभरात नाथाजीचा आकडा एक-दोनच्या वर चुकेनासा झाला.

नॉट म्हणजे गाठ, हेही त्याला त्याच म्हाताऱ्यानं सांगितलं. जुन्या काळी खलाशी दोरीला ठरावीक अंतरावर गाठी मारायचे, दोरी पाण्यात सोडायचे, आणि वाळूचं घड्याळ रिकामं होईपर्यंत हातातून किती गाठी सरकल्या ते मोजायचे. जितक्या गाठी, तितका जहाजाचा वेग. नाथाजीला ही गोष्ट फार आवडली. सुट्टीवर आला की तो ती पारावर बसून सांगायचा, आणि मग सुट्टी संपेपर्यंत प्रत्येक गोष्ट नॉटमध्ये मोजायचा. एसटी बत्तीस नॉटनं आली. आकारामनानाचा बैल दोन नॉटच्या वर जात नाही. लग्न झाल्यावर पहिल्यांदा राणीला मोटारसायकलवर मागं बसवून आटपाडीला नेली, तेव्हा ती म्हणाली, "आवं, जरा हळू चालवा की."

"अगं, वीस नॉट हाय फक्त."

"म्हंजी किती?"

"म्हंजी हळूच हाय."

राणीनं त्याच्या खांद्याला घट्ट धरलं आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

राणी मेढ्याकडची. डोंगरातली, चार महिने धो धो पावसात भिजणारी. ती आटपाडीच्या उन्हात येऊन पडली आणि नवरा सहा-सहा महिने समुद्रावर. कशी राहिली असेल ते तिलाच माहीत. पण राहिली, रुळली, मुलगी पूजा झाली, ती शाळेला लागली. नाथाजी चाळिशीच्या आत नोकरी संपवून परतला, आणि तेव्हाच राणीच्या भावानं निरोप दिला. साताऱ्याच्या वरच्या पठारावर पवनचक्क्यांच्या कंपनीला कंट्रोल रूममध्ये माणूस पाहिजे होता. नौदलातला, वाऱ्याची माहिती असलेला माणूस म्हटल्यावर कंपनीनं त्याला लगेच घेतला. पूजा शिक्षणासाठी सांगलीला वसतिगृहात राहिली, आणि नवरा-बायको पठाराखालच्या गावात दोन खोल्या घेऊन राहू लागले.

पठार बघून नाथाजी खूश झाला. वर चढून गेलं की झाड नाही, घर नाही, नुसतं गवत आणि आभाळ. गवतावर वारा आला की थेट समुद्रासारख्या लाटा उठायच्या. त्या लाटांत शेकडो पांढऱ्या चक्क्या उभ्या. कंट्रोल रूम म्हणजे पत्र्याची एक खोली, चार स्क्रीन, एक वॉकीटॉकी, आणि चहाची किटली. काम सोपं होतं. एखाद्या चक्कीची दुरुस्ती असली की तंत्रज्ञ टॉवरच्या आतल्या शिडीनं वर चढायचे. टॉवरच्या माथ्यावर एसटीएवढी पेटी असते, तिच्यात सगळी यंत्रं. पेटीच्या छपराला एक झाकण असतं, ते उघडून बाहेर छपरावरही काम करावं लागतं. नाथाजीनं खालून वाऱ्यावर लक्ष ठेवायचं. वारा बाराला पोचला की छपरावरच्या माणसांना आत घ्यायचं. पंधराला पोचला की सगळ्यांना खाली.

पण हे बारा-पंधरा नॉट नव्हते. पवनचक्कीवाले वारा मोजतात तो सेकंदाला किती मीटर, असा.

पहिल्याच दिवशी त्याला हे सांगितलं ते ब्राह्मीनं. ब्राह्मी तिथली इंजिनिअर, सांगलीजवळच्या जैन शेतकऱ्याची मुलगी, वयानं तिशीच्या आत. स्वभाव मोकळा. ती सूर्यास्ताच्या आत जेवायची, त्यामुळं संध्याकाळी ऊन कलायला लागलं की तिचा डबा उघडायचा, आणि आईनं दिलेली ज्वारीची कडक भाकरी नि शेंगांची चटणी सगळ्यांच्यात फिरायची. तिनं नाथाजीला पहिल्या दिवसापासून अण्णा म्हटलं.

"अण्णा, तुमचा नॉट निम्मा करायचा, की झाला मीटर. वीस नॉट म्हणजे दहा मीटर, जरासं वर. आणि आमचा मीटर दुप्पट करून जरा कमी केला की तुमचा नॉट. एवढंच आहे."

"जरासं म्हंजी किती?"

"शंभरात तीन. सोडून द्या ते. निम्मं-दुप्पट लक्षात ठेवा."

नाथाजीनं त्या संध्याकाळी पूजाला फोन लावला. तिनं लगेच नेमकं सांगितलं. एक नॉट म्हणजे तासाला अठराशे बावन्न मीटर. त्याला तासाच्या छत्तीसशे सेकंदांनी भागायचं. उत्तर शून्य पॉइंट पाच एक चार. "पप्पा, निम्म्याच्या वर थोडं," ती म्हणाली. म्हणजे ब्राह्मीचं बरोबरच होतं. नाथाजीनं मान डोलावली आणि कामाला लागला. स्क्रीनवर आकड्याच्या शेजारी 'मी/से' असं लिहिलेलं असायचं. ते दिसलं की तो मनात दुप्पट करायचा. आठ दिसले की सोळा नॉट. दहा दिसले की वीस. मग त्याला तो वारा कळायचा. असं दोन वर्षं बिनघोर चाललं.

पोरांचं आणि त्याचं चांगलं जमलं. यशराज आणि साईराज ही जोडी नेहमी बरोबर चढायची. यशराज रहिमतपूरचा, सडपातळ, खारीसारखा शिडी चढणारा. वरून वॉकीटॉकीवर तो नाथाजीला जहाजाच्या गोष्टी सांगायला लावायचा. "अण्णा, तुमच्या जहाजापेक्षा ही पेटी जास्त डुलतीया," म्हणायचा. नाथाजी म्हणायचा, "उलटी आली तर खाली बघून करू नगंस, आमी हाय खाली."

मे महिन्यात एका दुपारी ते दोघं कडेच्या एका चक्कीवर चढले होते. छपरावरचं वारा मोजायचं वाटीवालं यंत्र बिघडलं होतं, तेच बदलायचं होतं. त्यामुळं त्या चक्कीचा आकडा स्क्रीनवर येत नव्हता. यशराजनं खिशातला छोटा वारामापक बरोबर नेला होता, आणि तो वरून तोंडी आकडा सांगत होता. ब्राह्मी पठाराच्या दुसऱ्या टोकाला होती. नाथाजीनं नुकताच चहा ओतला होता.

"अण्णा, तेरा चाललंय वर," वॉकीटॉकीतून यशराजचा आवाज आला. "दोनच बोल्ट राह्यल्यात. करू का पुरं?"

"तेरा?" नाथाजी म्हणाला. "तेरात काय हुतंय रं! उरकून घ्या."

पुढं कितीतरी दिवस नाथाजी स्वतःला विचारत राहिला, की हे शब्द आपल्या तोंडून निघाले कसे. त्याला नियम माहीत होता. निम्मं-दुप्पटही पाठ होतं. पण त्या दिवशी डोळ्यांसमोर 'मी/से' नव्हतं. कानावर आला तो नुसता आवाज, खरखरणाऱ्या वॉकीटॉकीतून, वाऱ्यात उभ्या असलेल्या माणसाचा, जसा सोळा-सतरा वर्षं जहाजावर आला होता. आणि जहाजावर तेरा म्हणजे डेकवर चहा प्यायचा वारा. आकडा डोक्यात जायच्या आधी त्याच्या अंगात गेला, आणि अंगानं उत्तर दिलं.

वर होता तो तेरा मीटर. म्हणजे पंचवीस नॉट. जहाजावर त्या वाऱ्याला माणसं टोपीचा पट्टा हनुवटीखाली ओढतात.

यशराजला शंका आली नव्हती असं नाही. बारा ही हद्द त्यालाही माहीत होती. पण अण्णा समुद्रावरचा माणूस, वाऱ्यातलं त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं, असं मनाशी म्हणून त्यानं पान्हा हातात घेतला. पहिला बोल्ट बसला. दुसऱ्याला हात घातला आणि एक जोराचा झोत आला. छपराचं उघडं झाकण उचललं गेलं आणि परत आदळलं, ते यशराजच्या उजव्या हातावर. छपराला अडकवलेला पट्टा कमरेला होता म्हणून माणूस राहिला. साईराजनं त्याला आत ओढून घेतलं.

नाथाजीनं वॉकीटॉकीतून किंकाळी ऐकली. मग साईराजचा आवाज आला, "अण्णा, हात मोडला याचा! वारा लय हाय, तुमी कसं म्हणालात उरका म्हणून?" आणि त्या क्षणी नाथाजीला सगळं कळलं. कप तसाच ठेवून तो पळत सुटला. दोरावरून यशराजला खाली उतरवेपर्यंत तो टॉवरच्या बुडाशी उभा होता, आणि उतरल्यावर त्याच्या बुटाच्या नाड्या सोडत बसला होता. का ते त्यालाही सांगता आलं नसतं. काहीतरी करायला हात मागत होते.

चौकशीला वरून साहेब आले. नाथाजीनं पहिल्याच वाक्यात सांगितलं, "चूक माझी हाय. मी नॉट धरलं." ब्राह्मी मध्ये बोलली. तोंडी आकडा सांगताना मीटर म्हणायची सवय कुणीच लावली नव्हती, आणि ती आपण लावायला पाहिजे होती, असं ती म्हणाली. साहेबांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि निर्णय होईपर्यंत नाथाजीला घरी बसायला सांगितलं.

घरी बसल्यावर त्याची अवस्था जास्तच वाईट झाली. दिवसभर अंथरुणावर पडून पुटपुटायचा. बारा, चोवीस. तेरा, सव्वीस, जरा कमी. चौदा, अठ्ठावीस. पोरं पाढे म्हणतात तसं. राणी दोन दिवस ऐकत राहिली. तिसऱ्या दिवशी ती भाकरी थापता थापता थांबली.

"आवं, किती दुप्पट करचाल?"

"डोक्यात बसाय पायजे गं."

"डोक्यात तर बसल्यालंच हुतं की." तिनं पीठ झटकलं. "मी आटपाडीला आली तवा पाऊस आला की म्हणायची, ह्यो काय पाऊस, आमच्याकडं याच्या धापट पडतोय. दर साली तेच. सासूबाईंस्नी राग यायचा. एकदा त्या म्हणाल्या, तुझ्या मेढ्याचा पाऊस मेढ्यात ठेव, हितला बघ कसा पडतोय. तवापास्नं मी मोजायची सोडली. मग मला कळाय लागलं, आज ज्वारीला पुरंल का न्हाई, आज ओढा यील का न्हाई."

नाथाजी उठून बसला. "मग मी काय करू?"

"मला काय वाऱ्यातलं कळतंय? पर आधी त्या पोराकडं जाऊन या. हितं पडून त्येचा हात जुळत न्हाई."

हे त्यालाही माहीत होतं. पण पाय निघत नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यानं मोटारसायकल काढली आणि रहिमतपूरला गेला.

यशराज पडवीत बसला होता. उजवा हात प्लास्टरमध्ये, डाव्या हातानं भुईमुगाच्या शेंगा फोडत होता. नाथाजीला बघून त्याचा चेहरा उजळला, पण त्याच्या आधी त्याची आई बाहेर आली. चंद्राबाई. उंच, हाडापेरानं मजबूत बाई.

"कोण हे?" तिनं मुलाला विचारलं.

"आई, हे नाथाअण्णा."

चंद्राबाईनं नाथाजीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. बस म्हणाली नाही, पाणी दिलं नाही.

"तुमीच व्हय ते, उरकून घ्या म्हणणारं?"

"व्हय, मीच. मावशी, मी माफी मागाय…"

"माफी मागू नगा," ती म्हणाली. "मी दिली की तुमी मोकळं व्हाल. ह्यो कवा मोकळा व्हणार?" तिनं मुलाच्या प्लास्टरकडं बोट केलं. "दर आठवड्याला साताऱ्याला हाडाच्या डॉक्टरकडं न्यायचाय. एसटीत धक्का लागतोय म्हणून रिक्षा करावी लागती, त्येबी कधी मिळती, कधी न्हाई. तुमाला गाडी हाय न्हवं? मग तुमी न्या."

"नेतो," नाथाजी म्हणाला.

"हात बरा हुईस्तवर."

"हात बरा हुईस्तवर नेतो, मावशी."

मग ती आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली.

असं ते सुरू झालं. ठरलेल्या दिवशी पहाट सरताना नाथाजी रहिमतपूरला पोचायचा, यशराजला मागं बसवायचा, आणि दोघं उसाच्या शेतांमधनं साताऱ्याला निघायचे. खड्डा दिसला की नाथाजी गाडी अशी चालवायचा की पुढं अंडी ठेवली असती तरी फुटली नसती. दुसऱ्या खेपेला यशराजनं मागून विचारलं, "अण्णा, कामावर कवा येताय?"

"बोलावलं तर."

"बोलावतील. ब्राह्मीताई भांडतीया."

"बोलावलं तरी भ्या वाटतंय रं. आकडा ऐकला की मला समुद्रच दिसतोय."

सकाळची वेळ होती, पान हलत नव्हतं, उसाची पाती खाली मान घालून उभी होती. यशराज एकदम म्हणाला, "अण्णा, गाडी छत्तीसवर धरा."

"का?"

"धरा तर. आणि हेल्मेटची काच वर करा."

नाथाजीनं धरली. यशराजनं डाव्या हातानं खिशातला वारामापक काढला, नाथाजीच्या खांद्यावरून पुढं धरला. त्याच्या छोट्या पडद्यावर आकडा थरथरत दहाच्या आसपास थांबला.

"बगा. वारा न्हाईच हाय आज. आपुनच पळतोय, म्हणून वारा लागतोय. ताशी छत्तीस किलोमीटर म्हंजी सेकंदाला दहा मीटर. ह्यो तुमचा दहा. तोंडाला कसा लागतोय ते बगा. गुणाकार करू नगा."

नाथाजीनं डोळे बारीक केले. वारा गालावर होता, कानात होता, शर्टाच्या बाहीत शिरून ती फुगवत होता. त्यानं काही दुप्पट केलं नाही. दहा मीटर. एवढा.

मग ते अठरावर आले. पाच मीटर. घाम वाळवणारा, गुणाचा वारा. मग पंचवीस, मग तीस. नाथाजी लहान पोरासारखा रंगला. प्रत्येक वेळी आधी आकडा बोलायचा, मग यशराज पडद्यावर बघून हो किंवा नाही म्हणायचा. म्हाताऱ्या मल्याळ्यानं शिकवल्यासारखंच ते होतं, फक्त फेसाच्या जागी गाल होते.

रस्ता सरळ लागला. नाथाजीनं विचारलं, "तेराला किती धरायची?"

यशराजनं वारामापक पुन्हा पुढं धरला. मग म्हणाला, "सत्तेचाळीस."

नाथाजीनं गाडी सत्तेचाळीसवर नेली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, वाऱ्यानं. कानात नुसता फडफडाट. त्या वाऱ्यात यशराज काय म्हणतोय ते ऐकू येईना. हा वारा तो घरच्या गाडीवर, दोन्ही हातांनी हँडल धरून, रस्त्यावरून जाताना खात होता. यशराज त्या दिवशी हाच वारा आभाळात, गुळगुळीत छपरावर गुडघे टेकून, एका हातात पान्हा धरून खात होता, आणि आपण त्याला म्हणालो होतो, तेरात काय हुतंय.

त्यानं गाडी कडेला घेतली, स्टँडवर लावली, आणि उसाच्या बांधावर जाऊन बसला. यशराज त्याच्याजवळ येऊन उभा राहिला.

"अण्णा, उठा. डॉक्टरची वेळ जाईल."

"मला न्हवतं रं माहीत," नाथाजी म्हणाला. आता डोळ्यांना वारा नव्हता, तरी पाणी थांबत नव्हतं. "आकडा माहीत हुता. ह्ये न्हवतं माहीत."

"आता हाय न्हवं?" यशराज म्हणाला. त्यानं डावा हात पुढं केला. नाथाजीनं तो धरला आणि उठला.

पावसाळा निम्मा सरला तेव्हा कंपनीनं त्याला परत बोलावलं. पगारातून काही कापलं, एक कडक पत्र हातात दिलं, आणि ब्राह्मीनं नवा नियम सगळ्यांच्या गळी उतरवला: वॉकीटॉकीवर नुसता आकडा सांगायचा नाही, 'मीटर' म्हणायचंच, आणि ऐकणाऱ्यानं तो आकडा 'मीटर'सकट परत म्हणून दाखवायचा. पोरांनी पहिले काही दिवस टिंगल केली. "अण्णा, चहा दोन मीटर!" असं ओरडायची. नाथाजीही शांतपणे उत्तर द्यायचा, "दोन मीटर चहा, कळलं."

स्वतःसाठी मात्र त्यानं वेगळंच काम काढलं. पावसाळ्यात पठारावर वारा असा असतो की चालणारा माणूस वाकडा होतो. नाथाजी रेनकोट घालून, वारामापक खिशात ठेवून, रोज चक्क्यांच्या रांगेतून फिरायचा. गवत नुसतं डुलतंय तेव्हा किती, एका बाजूला निजतंय तेव्हा किती, पत्रा वाजतो तेव्हा किती, डबक्यातल्या पाण्यावर शहारे येतात तेव्हा किती. आधी बोलायचं, मग बघायचं. चुकत होता. चार-चारनं चुकत होता, कारण वय झालं की अंग नवीन गोष्ट सावकाश घेतं. संध्याकाळी घरी चिखलानं भरून यायचा. राणी त्याचे कपडे चुलीजवळ वाळत घालताना कुरकुरायची, की आटपाडीत असतो तर तासात वाळले असते. डोंगरातल्या पोरीला आता डोंगरातली ओल सोसवत नव्हती. यावर ती स्वतःच हसायची.

यशराजचा हात जुळला, पण पकड पहिल्यासारखी यायला वेळ लागला. तो परत चढायला लागला तेव्हा थंडी सुरू झाली होती. त्याच्या पहिल्या चढाईच्या दिवशी नाथाजी कंट्रोल रूममध्ये बसलाच नाही. स्क्रीनजवळ ब्राह्मीला बसवून तो दारात उभा राहिला, तोंड वाऱ्याकडं करून.

दुपारी स्क्रीनवर नऊ मीटर होता. हद्दीच्या कितीतरी खाली. यशराज आणि साईराज छपरावर होते. नाथाजीला पश्चिमेकडच्या उतारावर गवताचा रंग बदलल्यासारखा वाटला. वाऱ्यानं गवत निजलं की उमटतो तसा एक फिकट पट्टा वर सरकत होता. त्यानं वॉकीटॉकी तोंडाला लावली.

"यशराज, आत या. दोघंबी आत. झाकण लावून घ्या."

"अण्णा, इथं नऊ मीटर हाय!"

"नऊ मीटर, कळलं. तरी आत या."

ते आत आले. झाकण लागलं. सगळे वाट बघत राहिले. फिकट पट्टा कंट्रोल रूमपर्यंत आला, दाराचा पडदा थोडा उडाला, आणि वारा पडला. स्क्रीनवर दहाच्या वर काही गेलं नाही. उलट नंतर सातावर आलं.

साईराज वैतागला. "अण्णा, फुकट आत बसवलंत. अर्धा दिवस गेला."

"गेला तर गेला," नाथाजी म्हणाला. "चुकलं माझं. परत चढा छपरावर."

ब्राह्मी स्क्रीनमागून त्याच्याकडं बघत होती. तिनं किटलीतला चहा दोन कपांत ओतला. यशराजचा आवाज वरून आला, "अण्णा, मला काय फुकट वाटलं न्हाई हां. तुमी सांगा, आमी बसतो आत."

नाथाजी नंतरही अधूनमधून चुकला. पण चुकला तो नेहमी एकाच बाजूला, माणसं लवकर आत घेण्याच्या. दुरुस्तीचा ठेकेदार कुरकुरायचा, कंपनी एखाद-दुसरं पत्र पाठवायची. चढणाऱ्या पोरांनी मात्र कधी तक्रार केली नाही. चंद्राबाई संक्रांतीला त्याच्याकडं तिळाच्या पोळ्या पाठवू लागली. राणीनं उलट मेढ्याचा तांदूळ पाठवला. आणि दोघी बायका एकमेकींना न भेटताच फोनवर तासतासभर बोलू लागल्या.

पुढच्या वर्षी ब्राह्मीची बदली दूर तामिळनाडूत झाली, तिथल्या पवनचक्क्यांवर. जाताना ती नाथाजीच्या पाया पडली, तेव्हा त्याला काय करावं ते कळेना, त्यानं तिला सॅल्यूट ठोकला. महिन्याभरानं तिचा फोन आला.

"अण्णा, फजिती झालीय माझी. इथला ठेकेदार वारा ताशी किलोमीटरमध्ये सांगतो. चाळीस म्हणाला की मला चाळीस मीटरच ऐकू येतं. आता दर वेळी भागायचं, साडेतीननं, पुन्हा वर थोडं…"

नाथाजी खो खो हसला. एवढा हसला की राणी आतून बाहेर आली.

"पोरी, भागू नगंस," तो म्हणाला. "तुझ्याकडं स्कूटर हाय का?"

"आहे की."

"मग सकाळी वारा नसताना रिकाम्या रस्त्याला जा. चाळीसवर धर. काच वर कर. आणि मागं कुणालातरी बसीव, गप्पा मारायला."

फोन ठेवल्यावर राणीनं विचारलं, "काय म्हणत हुती?"

"काय न्हाई. शिकतीया," नाथाजी म्हणाला, आणि दुसऱ्या पाळीसाठी डबा घेऊन पठाराच्या वाटेला लागला.